फुलांचा कंद किती खोल लावायचा? कर्जत-खालापूरच्या माती-पावसासाठी खोली, वेळ आणि अवजारं

फेब्रुवारी-मार्च आला की मोबाइलवर ट्युलिप आणि डॅफोडिलचे व्हिडिओ फिरू लागतात. दात असलेलं नळीसारखं एक अवजार जमिनीत दाबायचं, मातीचा गोळा बाहेर काढायचा, खड्ड्यात कंद ठेवायचा आणि वर माती लोटायची. खाली सल्ला असतो, 'सहा इंच खोल लावा.' हा सल्ला चुकीचा नाही, फक्त तो दुसऱ्या हवामानासाठी आहे.

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत गोष्ट वेगळी आहे. ठाकूर समाजाच्या ठाकुरवाड्या इथे डोंगराच्या पायथ्याशी आणि उतारावर वसलेल्या आहेत. बोरघाटात रेल्वेच्या वाटेवरही ठाकुरवाडी नावाचं ठिकाण लागतं. या पट्ट्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच पडतो. इथे कंद थंडीने मरत नाही, तो पाण्याने कुजतो. म्हणून खोली, वेळ आणि अवजार या तिन्ही गोष्टी इथल्या पावसावरून ठरवाव्या लागतात.

थोडक्यात सांगायचं तर
• ट्युलिप, डॅफोडिल यांना लांबलचक थंडी लागते. कर्जतच्या जमिनीत ते वर्षानुवर्षं फुलत नाहीत.
• निशिगंध, ॲमरिलिस, फुटबॉल लिली, पावसाळी लिली, सोनटक्का हे कंद इथे सहज येतात.
• चिकट मातीत कंद खोल लावण्यापेक्षा उथळ आणि उंच वाफ्यावर लावणं सुरक्षित असतं.
• विकतच्या नळीपेक्षा कुदळ, खुरपं आणि खुणा केलेली काठी जास्त उपयोगी पडते.
• रानातला अनोळखी कंद उपटू नये आणि चाखून तर अजिबात पाहू नये.

सहा इंचांचा सल्ला आला कुठून?

युरोप-अमेरिकेतल्या बागकामात एक ढोबळ नियम वापरतात: कंदाची जेवढी उंची असेल त्याच्या दुप्पट ते तिप्पट खोलीवर तो लावायचा. ट्युलिपचा कंद चार-पाच सेंटिमीटर उंच असतो, म्हणून तो बारा ते पंधरा सेंटिमीटर, म्हणजे पाच-सहा इंच खाली जातो.

यामागे कारणं आहेत. तिथे हिवाळ्यात जमिनीचा वरचा थर गोठतो, सुटतो आणि पुन्हा गोठतो. या उलथापालथीत उथळ लावलेला कंद वर ढकलला जातो. खोल मातीत तापमान फारसं बदलत नाही आणि उंच दांड्याला आधारही मिळतो. शिवाय तिथला पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. कर्जतमध्ये जमीन गोठत नाही. इथे जुलैत सलग आठ-दहा दिवस पाणी हटत नाही. नियमामागचं कारणच इथे लागू नाही, त्यामुळे नियमही जसाच्या तसा लागू होत नाही.

ट्युलिप कर्जतला का टिकत नाही?

ट्युलिपचे पूर्वज मध्य आशियातल्या थंड डोंगराळ भागातले. त्याच्या कंदात फुलाची कळी आधीच तयार झालेली असते, पण तिचा दांडा वाढायला साधारण बारा ते सोळा आठवडे थंडी मिळावी लागते. ती मिळाली नाही तर पानं येतात, दांडा आखूड राहतो आणि फूल पानांतच अडकतं किंवा येतच नाही.

श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या इंदिरा गांधी स्मृती ट्युलिप उद्यानात मार्चअखेर ते एप्रिलमध्ये बहर येतो, कारण त्याआधी तिथे खरा हिवाळा होऊन गेलेला असतो. दिल्लीतही रस्त्याकडेला आणि चौकांत ट्युलिप दिसतात. त्यासाठी नेदरलँड्सहून थंडी देऊन आणलेले कंद वापरले जातात आणि ते दरवर्षी नव्याने लावावे लागतात.

कर्जतला डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगला गारवा असतो, पण दुपारी ऊन तापतंच. ही थंडी ट्युलिपला पुरत नाही. आधीच थंडी दिलेला कंद कुंडीत लावला तर एकदा फूल मिळू शकतं. घरच्या फ्रिजमध्ये कंद ठेवायचे असतील तर ते फळांपासून लांब ठेवावेत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतली कळी खराब करतो. मात्र 'दरवर्षी फुलणारं ट्युलिप' म्हणून कोणी कोकणात कंद विकत असेल, तर ते पैसे वाया जातात.

इथला कंद कशाची वाट पाहतो?

थंड देशातला कंद बर्फ वितळण्याची वाट पाहतो, तर सह्याद्रीच्या कुशीतला कंद पहिल्या पावसाची. याचं सर्वांत ओळखीचं उदाहरण म्हणजे शेवळ. मेअखेरीस वळवाच्या सरी पडल्या की पानांच्या आधी शेवळाचा फुलोरा जमिनीतून वर येतो. तोच भाजीसाठी काढतात. जूनच्या सुरुवातीला कर्जत, नेरळ, पनवेलच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात आणि सोबत काकडाची आंबट फळं असतात. शेवळातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घसा खाजतो. काकड, चिंच किंवा कोकमाच्या आंबटाने ती खाज कमी होते.

रानहळद, कळलावी, कडूकंद यांचंही वेळापत्रक साधारण असंच. आठ महिने जमिनीत गप्प राहायचं, पाऊस आला की झपाट्याने वाढायचं आणि दिवाळीनंतर पुन्हा सुकून जायचं. यातून बागेसाठी दोन गोष्टी कळतात. पावसाळी कंद पावसाआधी जमिनीत हवा. आणि इथले रानकंद बहुतेक उतारावर वाढतात, जिथे पाणी पडतं पण थांबत नाही.

लावण्याआधी तीन गोष्टी पाहा

पहिली, कंदाचा प्रकार. काही कंद कांद्यासारखे थरांचे असतात, जसे निशिगंध, ॲमरिलिस आणि लिली. काही भरीव गड्डे असतात, जसे ग्लॅडिओलस आणि सुरण. काही आल्यासारखे आडवे वाढतात, जसे कर्दळ आणि सोनटक्का. थरांच्या कंदाला वर मान असते आणि कुजायला सुरुवात बहुधा तिथूनच होते. म्हणून मोठी मान असलेले कंद पूर्ण पुरत नाहीत.

दुसरी, माती. उल्हास आणि पाताळगंगा नद्यांच्या खोऱ्यांतल्या भातखाचरांची माती चिकट असते आणि पाणी धरून ठेवते. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत मुरूम असतो, तिथून पाणी लगेच निघून जातं. एकच कंद मुरमाड जमिनीत एक-दोन बोटं जास्त खोल चालतो, चिकट जमिनीत तेवढाच उथळ ठेवावा लागतो.

तिसरी, नवा कंद कुठे तयार होतो. ग्लॅडिओलसचा नवा गड्डा जुन्याच्या डोक्यावर बसतो, म्हणून तो फार उथळ लावला तर झाड कलंडतं. निशिगंधाला बाजूला पिल्लं फुटतात, त्यामुळे त्याला खोलीपेक्षा आजूबाजूला जागा जास्त लागते.

खोलीबाबत शंका असेल तर उथळ बाजूने चुकलेलं बरं. अनेक कंदांना आकसणारी मुळं असतात. ती जाड होऊन आखडतात आणि कंदाला हळूहळू खाली ओढून घेतात. फार वर लावलेला कंद काही हंगामांत आपली खोली गाठू शकतो, पण चिकट मातीत फार खाली गेलेल्या कंदाला वर यायचा मार्ग नसतो.

बोट, चार बोटं, वीत

मोजपट्टी जवळ नसली तरी हात असतो. मोठ्या माणसाचं एक बोट आडवं धरलं तर सुमारे दोन सेंटिमीटर होतात. अंगठा सोडून चार बोटं जुळवली तर सात-आठ सेंटिमीटर, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत साधारण वीस सेंटिमीटर भरते. खाली दिलेली खोली कंदाच्या डोक्यापासून मातीच्या पृष्ठभागापर्यंत, म्हणजे कंदावर येणाऱ्या मातीच्या थराची आहे.

कोणता कंद, किती खोल, कधी?

निशिगंध: दोन ते तीन बोटं, चिकट मातीत दोनच. दोन कंदांत एक वीत अंतर. एप्रिल-मेमध्ये लावला तर तीन-साडेतीन महिन्यांनी दांडे येऊ लागतात. लिंबाएवढा, टणक कंद निवडावा. एकदा फुललेला मूळ कंद पुन्हा फुलत नाही, पुढची फुलं बाजूच्या पिल्लांना येतात. म्हणून दोन-तीन वर्षांनी गड्डा काढून पिल्लं वेगळी करावी लागतात. गजरा-हारांसाठी एकेरी फुलांचे शृंगार आणि प्रज्वल हे वाण, तर फुलदाणीसाठी दुहेरी फुलांचा सुवासिनी आणि अर्धदुहेरी फुलांचा वैभव हे वाण लावले जातात.

ॲमरिलिस लिली: इथे खऱ्या अर्थाने वसंतात फुलणारा कंद हाच. कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर राहिला पाहिजे. नोव्हेंबर ते जानेवारीत लावावा. या काळात पाणी कमी द्यावं आणि कळी दिसली की वाढवावं. मार्च-एप्रिलमध्ये मोठी, कर्ण्यासारखी फुलं येतात. पावसाळ्यात मानेत पाणी साचू देऊ नये.

फुटबॉल लिली: मूळची आफ्रिकेची, पण कोकणातल्या अंगणांत चांगली रुळलेली. मे-जूनमध्ये वळवाच्या पावसासोबत लाल चेंडूसारखं फूल येतं. कंदाची मान मातीच्या पातळीला ठेवावी. तिला वारंवार उकरलेलं चालत नाही, एकदा लावली की काही वर्षं तशीच राहू द्यावी.

पावसाळी लिली: बोटभर ते दोन बोटं. वाफ्याच्या कडेने, चार-चार बोटांवर, मेमध्ये. चांगला पाऊस पडून गेला की काही दिवसांत गुलाबी, पांढरी किंवा पिवळी फुलं येतात. नवख्या माणसाने सुरुवात हिच्यापासून करावी, कारण खोलीत थोडी चूक झाली तरी ती सांभाळून घेते.

ग्लॅडिओलस: चिकट मातीत तीन बोटं, भुसभुशीत मातीत चार ते पाच. कर्जत-खालापुरात तो पावसाआधी लावू नये. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावावा. दोन ते तीन महिन्यांत फुलतो. दांडा कापताना खालची चार पानं ठेवावीत, कारण पुढच्या वर्षीचा गड्डा त्या पानांवरच पोसला जातो.

कर्दळ: तीन ते चार बोटं, डोळा वर करून, एक हात अंतरावर. मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला.

सोनटक्का: एक ते दोन बोटं, गड्डा आडवा ठेवून. त्याला ओल आवडते, म्हणून न्हाणीचं पाणी जातं तिथे, पाटाच्या कडेला तो चांगला वाढतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुगंधी पांढरी फुलं येतात.

कोणतं अवजार घ्यावं?

परदेशी व्हिडिओतली दातेरी नळी मऊ, भुसभुशीत मातीसाठी बनवलेली असते. इथे कंद लावण्याचा मुख्य हंगाम मे, आणि मेमधली जमीन विटेसारखी घट्ट झालेली असते. नळी दोन बोटंही आत जात नाही. मुरमात दगड लागून तिचे दात वाकतात. ओल्या चिकट मातीत नळी जाते खरी, पण खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. मग त्यात पाणी पेल्यासारखं साठतं आणि कंद त्यातच राहतो. ड्रिल मशीनला लावायच्या गिरमिटाचंही तसंच. शिवाय दगडात अडकलं की मनगटाला हिसका बसतो.

गावातल्या घरात सहसा असणारी अवजारं या कामाला पुरतात. मुरूम आणि दगड असेल तिथे आधी टिकाव किंवा पहार, माती उकरायला आणि ढेकळं फोडायला कुदळ, वाफा ओढून उंच करायला फावडं आणि घमेलं, आणि कंदाची जागा करायला खुरपं. पहारीने नुसतं भोक पाडून त्यात कंद सोडू नये. खाली टोकदार पोकळी राहते, कंद अधांतरी अडकतो आणि पोकळीत पाणी जमतं. कंदाचं बूड मातीला टेकलं पाहिजे.

सर्वांत स्वस्त आणि कामाचं साधन म्हणजे बांबूची काठी. तिच्यावर एक बोट, दोन बोटं, चार बोटं आणि एक वीत अशा खुणा कोयत्याने कराव्यात. प्रत्येक खड्ड्यात काठी उभी धरली की सगळे कंद एकाच खोलीला बसतात, आणि फुलंही साधारण एकाच वेळी येतात. खोली मोजताना कंदाची उंची धरायला विसरू नये. तीन सेंटिमीटर उंचीच्या कंदावर दोन बोटं माती हवी असेल, तर खड्डा सात सेंटिमीटरचा लागतो.

एका रोगट झाडाला लावलेलं खुरपं तसंच दुसऱ्या वाफ्यात चालवू नये. माती झटकून ते धुवावं आणि पातं स्पिरिटने पुसून घ्यावं. कंदांची सड अवजारांवरूनही पसरते.

गादीवाफा: खरी खोली इथे ठरते

कोकणात हळद-आलं ज्या गादीवाफ्यावर लावतात, तोच फुलकंदांना योग्य आहे. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वाफा किमान एक वीत उंच असावा. रुंदी दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचेल एवढी, म्हणजे तीन-साडेतीन फूट. कडेने उताराच्या दिशेने चर काढावा, नाहीतर वाफ्याभोवती तळं होतं.

माती चिकट असेल तर तिच्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि जाडसर वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावा. ताजं शेण कंदाला लागू देऊ नये, त्याच्या उष्णतेने आणि बुरशीने सड सुरू होते. लावल्यानंतर वर सुक्या पानांचं किंवा भाताच्या पेंढ्याचं आच्छादन घालावं. जोराच्या पावसात माती वाहून जाऊन कंद उघडे पडतात, ते त्यामुळे टळतं.

रानडुक्कर आणि साळिंदर ही डोंगरालगतच्या वाड्यांतली नेहमीची अडचण आहे. घुशीही कंद नेतात. कंद खोल लावून उपयोग होत नाही, कारण ते उकरून काढतात. वाफ्यावर मातीखाली जाळी अंथरणं जास्त परिणामकारक. जाळीची भोकं कोंब सहज वर येतील एवढी मोठी असावीत.

कंद काढताना आणि साठवताना

पानं पूर्ण पिवळी पडेपर्यंत कापू नयेत. त्या काळात पानांतलं अन्न कंदात उतरत असतं. काढताना कुदळीचा घाव झाडाच्या बुंध्यापासून एक वीत लांब घालावा आणि खालून माती सैल करून गड्डा उचलावा. कापला गेलेला कंद साठवू नये. आडव्या गड्ड्याचे तुकडे केले असतील तर कापलेल्या बाजूला राख लावून ते सावलीत सुकवतात.

काढलेले कंद काही दिवस सावलीत वाळवून कोरड्या वाळूत, टोपलीत किंवा जाळीच्या पिशवीत हवेशीर जागी ठेवावेत. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत त्यांना घाम येतो आणि बुरशी धरते. लावण्याआधी प्रत्येक कंद दाबून पाहावा. टणक असेल तर लावावा, मऊ लागला किंवा वास आला तर वाफ्यापासून लांब टाकावा.

रानातले कंद घरी आणावेत का?

पावसाळी सहलीला आलेल्यांना डोंगरात कळलावीची लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुलं दिसतात आणि कंद उकरून नेण्याचा मोह होतो. त्यात दोन धोके आहेत.

पहिला धोका जिवाचा. कळलावीच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे तीव्र विष असतं. ते शिजवून जात नाही. तिचा कंद रताळ्यासारखा किंवा कणगरासारखा दिसतो आणि त्या गैरसमजातून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत आहेत. आधी उलट्या आणि जुलाब होतात, नंतर शरीरातले अवयव निकामी होऊ लागतात. असं झाल्यास घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालयात जावं आणि कंदाचा उरलेला तुकडा सोबत न्यावा. उन्हाळ्यात पानांशिवाय नुसता फुलांचा दांडा काढणारा कोळकांदा, म्हणजे रानकांदा, हाही विषारी आहे. त्यातली द्रव्यं हृदयावर परिणाम करतात. दिसायला तो घरच्या कांद्यासारखाच असतो.

ठाकूर आणि कातकरी समाज कडूकंदासारखे कंद खातात, पण ते चकत्या करून, उकडून आणि वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा घालवल्यावरच. ही माहिती पिढ्यांची आहे, व्हिडिओ पाहून करायचा प्रयोग नाही.

दुसरा धोका रानाचा. शेवळाचा फुलोरा तोडला तरी कंद जमिनीत राहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवतो. कंदच उपटला तर ती जागा रिकामी होते, आणि त्यासोबत पावसाच्या तोंडावर या भाजीवर मिळणारी कुणाची तरी मिळकतही कमी होते. शिवाय रानातून आणलेला कंद बागेत बहुतेक वेळा जगत नाही, कारण तो चुकीच्या वेळी, अर्धवट तुटून निघालेला असतो. कळलावीच्या इंग्रजी व्ही आकाराच्या कंदाला फुटवा फक्त टोकाशी असतो. ते टोक तुटलं की उरलेला भाग उगवत नाही. हौस असेल तर रोपवाटिकेतून वाढवलेला कंद घ्यावा, तो आडवा ठेवून तीन-चार बोटं खोल लावावा आणि लहान मुलं किंवा गुरं असलेल्या अंगणात लावूच नये.

वर्षाचं वेळापत्रक

मार्च-एप्रिल: ॲमरिलिसचा बहर. निशिगंधाची पिल्लं वेगळी करणं, गादीवाफ्याची माती उकरून तापू देणं.
मे: वाफे उंच करून निशिगंध, पावसाळी लिली आणि कर्दळ लावणं. फुटबॉल लिलीला हात न लावणं.
जून: मृग लागण्याआधी, म्हणजे साधारण सात जूनपर्यंत, लावणी आटोपून चर मोकळे करणं आणि आच्छादन घालणं.
जुलै-ऑगस्ट: खत-पाणी थांबवून फक्त साचलेलं पाणी काढणं. कोंब पिवळे पडले तर एक कंद उकरून सड तपासणं.
सप्टेंबर-ऑक्टोबर: निशिगंध आणि सोनटक्क्याची फुलं. पाऊस थांबल्यावर ग्लॅडिओलससाठी वाफा तयार करणं.
नोव्हेंबर-जानेवारी: ग्लॅडिओलसला नियमित पाणी, ॲमरिलिसची लावणी, सुकलेल्या झाडांचे कंद काढून साठवणं.
फेब्रुवारी: साठवलेले कंद एकदा दाबून तपासणं आणि मऊ पडलेले बाजूला करणं.